पहाऱ्यातली परीक्षा

अंगद फारसा बोलत नाही, हे फहीमला पाचवीपासून माहीत होतं. परतूरच्या शाळेत दोघं एका बाकावर बसायचे. सरांनी प्रश्न विचारला की उत्तर अंगदला यायचं. तो ते पाटीवर लिहायचा आणि पाटी फहीमकडे सरकवायचा. फहीम उभा राहून खणखणीत वाचायचा. शाबासकी फहीमला मिळायची आणि अंगदला सुटल्यासारखं व्हायचं.

पुढे फहीमने मराठी घेऊन बी.ए. केलं आणि वाटूर फाट्यावर अब्बांच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसला. अंगद हैदराबादला गेला. जर्मन भाषा आणि साहित्य घेऊन एम.ए. करायला.

"मराठीत बोलत न्हाई तो मानूस जर्मनमधी काय बोलनार?" फहीमने परतूरच्या स्टेशनवर त्याला विचारलं होतं.

"तिथं लिहायचं आसतंय," अंगद म्हणाला आणि पिशवी घेऊन गाडीत चढला.

फाट्यापासून आत अंगदची वस्ती. तिथे या शिक्षणाचा नीट अंदाज कुणालाच आला नाही. जर्मन म्हटलं की लोकांना पातेलं आठवायचं. ॲल्युमिनिअमच्या भांड्याला तिकडे जर्मनचं भांडं म्हणतात. अंगदचे चुलत आजोबा कडूबा, ज्यांना सगळी वस्ती आबा म्हणते, ते सुट्टीत आलेल्या अंगदला हटकून विचारायचे, "काय रे, पातेल्यात पास झाला का?" अंगद हसायचा. आबांना तेवढं उत्तर पुरायचं.

जर्मनच का, हे फहीमनेही एकदा विचारलं. अंगदने उत्तर द्यायला चहाचा कप संपवला.

"कॉलेजात एक जुनं पुस्तक सापडल्तं. तिकडच्या खेड्यातल्या गोष्टी. त्याच्यात गारा पडतेत."

"मंग?"

"आपल्याकडं पडतेत तशाच. गहू आडवा होतो. मानसं तशीच उंबऱ्यात उभी ऱ्हातेत. मला ते त्यांच्या बोलीत वाचायचं होतं."

 साहित्य आपणही शिकलो, पण कशासाठी शिकलो हे आपल्याला इतकं सरळ सांगता आलं नसतं, असं त्याला वाटलं.

अंगदने प्रबंधही त्याच गोष्टींवर लिहिला. त्यातली एक गोष्ट त्याच्या फार जवळची होती. गावात गारपीट येऊ लागली की चर्चची घंटा वाजवायची, वाजत राहिली की गारा दुसरीकडे जातात, असा त्या गावाचा समज. घंटेवर माणसांच्या पाळ्या लावलेल्या. एका दुपारी आभाळ काळं होतं. घंटा वाजवणाऱ्याची पाळी संपते. पुढच्या पाळीचा माणूस येत नाही. मनोऱ्याच्या खिडकीतून घंटावाल्याला स्वतःचं शेत दिसतं. शेतात त्याची बायको एकटी पेंढ्या उचलत असते. तो दोर ओढत राहतो. शेत डोळ्यांदेखत जातं.

"त्यानं दोर का सोडला न्हाई?" फहीमने गोष्ट ऐकल्याबरोबर विचारलं.

"अंधश्रद्धा. मी प्रबंधात तसंच लिहिलंय."

"एवढंच?"

"अजून काय आसनार?" अंगद म्हणाला. पण ते म्हणताना त्याचा स्वर जरा पडला.

*

प्रबंध चांगला झाला होता. लेखी पेपर त्याहून चांगले. अडलं ते तोंडी परीक्षेत.

ती डिसेंबरात झाली. टेबलापलीकडे तिघं बसलेले. मधे पाण्याचा ग्लास. पहिला प्रश्न सोपा होता. अंगद ग्लासकडे बघत राहिला. दुसरा प्रश्न त्याहून सोपा विचारला. मग कुणीतरी म्हणालं, पाणी घ्या. तो पाणी प्यायला आणि रिकाम्या ग्लासकडे बघत राहिला. थोड्या वेळाने त्यांनी त्याला जायला सांगितलं.

हे त्याने फक्त फहीमला सांगितलं. घरी सांगितलं, निकाल लागायचाय.

नियमाने अजून एकच संधी होती. मार्चमध्ये, ऑनलाइन. तीही गेली तर पदवी नाही. संभाजीनगरच्या एका संस्थेत परदेशी जाणाऱ्या नर्सना जर्मन शिकवायचं काम त्याच्यासाठी थांबलेलं होतं. तेही मग थांबणार नव्हतं.

"तिथं तर दिवसभर बोलावं लागंल की रे."

"शिकवताना येतंय. कोनी तपासाया बसलं की येत न्हाई."

मग फहीमने तपासायचं काम अंगावर घेतलं. दुपारी फाट्यावर सामसूम झाली की तो अब्बांचा चष्मा नाकावर ठेवून काउंटरमागे बसायचा. देवनागरीत लिहून घेतलेले जर्मन प्रश्न दटावून विचारायचा. अंगदचे ओठ हलायचे. कधी अर्धं वाक्य यायचं. फहीमला त्यातलं कळायचं काहीच नाही, पण काही शब्द कानात बसले. ग्लोके म्हणजे घंटा. आणि गारपिटीला हागेल. तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा फहीम काउंटरखाली बसून हसला. त्या दिवशीचा सराव तिथेच संपला.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी अंगदने पूर्ण उत्तर एकदाही दिलं नव्हतं. फहीमने तरी दुकानाच्या मागच्या खोलीत निळा पडदा लावला. टेबल पुसलं. टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवला आणि आठवण येऊन परत उचलला.

"तीन वाजता हाये. तू बाराला ये. जेवू, सराव करू."

"सकाळी माझा पहारा हाये."

"काय?"

"सप्त्यात. बाबा जिनिंग मिलवर कामाला गेलेत. घरचा पहारा मला करावा लागंल. बारापर्यंत संपतोय."

फहीमने कपाळाला हात लावला. "यार, तुझी परीक्षा हाये का हरिपाठ?"

"उभं ऱ्हायलं की बरं वाटतं," अंगद म्हणाला. "तिथं कोनी काही इचारत न्हाई."

*

वस्तीच्या मारुतीपुढे मंडप घातलेला होता. सप्ताहाचे सात दिवस तिथे वीणा वाजत असते आणि देवाचं नाव चालू असतं. वीणा जमिनीला टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून निघते ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते; ती घेऊन उभं राहायच्या पाळीला पहारा म्हणतात. घेणाऱ्याने आंघोळ केलेली असावी, तोंड धुतलेलं असावं. पुढच्या पाळीचा माणूस येईपर्यंत आधीच्याने जागा सोडायची नाही. पहाऱ्यात फोन आणायचा नाही, असं यंदा ठरलेलं. म्हणून अंगदने फोन फहीमकडे चार्जिंगला ठेवला होता.

साडेअकराला थोडा अवकाश होता तेव्हा तो वाजला. हैदराबादच्या मॅडम होत्या. अंगदच्या मार्गदर्शक.

"अंगद कहाँ है?"

"मॅडम, वो... बाहर गया है."

"जर्मनीवाले प्रोफेसर को गाडी पकडनी है. तीन बजे नहीं हो सकता. साढेग्यारह बजे व्हिडिओ पे चाहिए. नहीं तो इस साल का गया समझो. आप उसको बोल देंगे ना?"

"बोलता हूँ मॅडम. बिलकुल."

फहीमने अंगदचा फोन खिशात घातला, शटर तसंच अर्धं टाकलं आणि मोटारसायकलला किक मारली.

मंडपात फक्त दोघं होते. पारायण संपून सगळी माणसं पंगतीला गेली होती. पंगत शाळेपलीकडच्या मैदानावर, तिथला गलका इथवर येत होता. मारुतीपुढे अंगद उभा. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, गळ्यात वीणा. शेजारी खुर्चीवर कडूबा आबा. त्यांच्या उजव्या हातावरून वारं गेलेलं, हात सारखा थरथरायचा. डाव्या हाताने ते मांडीवर ताल धरून होते.

फहीमने चपला लांब भिरकावल्या. "अंगद, आत्ता हाये! साडेअकराला! मॅडमचा फोन आल्ता."

अंगदच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं फहीमने पाहिलं. बोटं मात्र तारेवर चालू राहिली.

"मच्छिंद्र काकाला बोलाव. पुढचा पहारा त्याचा हाये."

फहीमने मच्छिंद्रला फोन लावला. मच्छिंद्र परतूरच्या स्टेशनवर उभा होता. रात्रीच्या कीर्तनाचे महाराज यायचे होते आणि गाडी लेट होती.

"कोनाला तरी पंगतीतून आनतो," फहीम म्हणाला.

"उष्ट्या तोंडानं चालत न्हाई. धुवून येईस्तोवर..."

"मंग काय करतो?" फहीमचा आवाज चढला. "ठेव की खाली. दहा मिनिटांचा सवाल हाये. मारुती काय रुसनार हाये का?"

अंगदने वीणा आणखी जवळ धरली. तो वीणा खाली ठेवणार नाही हे फहीमला त्याच्या खांद्यांवरून कळलं. आबा इतका वेळ दोघांकडे आळीपाळीने बघत होते.

"कशाची रे परीक्षा? ते तर झालं ना डिसेंबरात?"

अंगदने मान खाली घातली. फहीमला खोटं सुचेना. "न्हाई झालं आबा. नापास झाल्ता. बोलताच आलं न्हाई त्याला. आज शेवटची बारी हाये."

आबांनी अंगदला आपादमस्तक न्याहाळलं. रागावले की काय, ते कळेना.

"माझ्या हातात वीणा ठरत न्हाई," ते म्हणाले. "न्हाईतर घेतली असती. फहीम, तू आंघोळ केली का?"

"केली की."

"मंग तू धर."

फहीमने दोन्ही हात पँटला पुसले. मग म्हणाला, "मी धरतो, आबा. पन मंग फोन कोन धरंल?"

आबांनी स्वतःच्या थरथरत्या हाताकडे पाहिलं. त्या हातात फोन दिला असता तर जर्मनीतल्या प्रोफेसरला भूकंप झाल्यासारखं वाटलं असतं. तेही आबांच्या लक्षात आलं असावं, कारण ते हसले.

"बरं. मंग तू फोन धर, आज मी सांगतो म्हनून. नाव मी घेतो. अंगद, तू तुझं बोल. तार मातर थांबवू नको."

तेवढ्यात फोन वाजला.

*

फोनच्या पडद्यावर तीन चौकोन उमटले. मॅडम, एक टाय लावलेले सर आणि एक पिकल्या भुवयांचे म्हातारे प्रोफेसर. त्यांच्याकडे सकाळ होती, मागे खिडकीत कोवळं ऊन होतं. फहीमने दोन्ही हातांनी फोन धरला, कोपरं पोटाशी दाबली आणि श्वास हळू घ्यायला लागला.

मॅडमनी आधी मंडप न्याहाळला. मग जर्मनमध्ये काहीतरी तुटक विचारलं. टायवाल्या सरांनी कपाळाला आठी घातली. मागे आबांचं "राम कृष्ण हरी" खालच्या पट्टीत चालू होतं. अंगदची तार चालू होती. अंगद बंद होता.

फहीमला तो गप्प चेहरा पाठ होता. शाळेतला, दुकानातला. आता तो ग्लास शोधेल, असं त्याला वाटलं. मंडपात ग्लास नव्हता.

मग म्हातारे प्रोफेसर पडद्याजवळ सरकले. बोटाने त्यांनी वीणेकडे दाखवलं आणि हळू आवाजात एक प्रश्न विचारला.

तार एकदा वाजली. दुसऱ्यांदा वाजली. तिसऱ्या वेळी तारेबरोबर अंगदच्या तोंडून एक शब्द आला. मग आणखी एक. तार वाजायची आणि तिच्या पाठोपाठ शब्द पडायचे. चार वाक्यांनंतर शब्दांनी तारेला मागे टाकलं. फहीमच्या हातातला फोन हलला. त्याने तो घट्ट धरला.

अंगद बोलत होता. वीणा दाखवत होता, मारुतीकडे मान करत होता, आबांकडे करत होता. "कडूबा" हा शब्द जर्मनमध्ये गेलेला ऐकून आबांनी नाव न तोडता भुवया उंचावल्या. टायवाल्या सरांनी काहीतरी विचारलं. अंगदने ते अर्ध्यावर तोडलं. अंगदने! ज्याने जन्मात कुणाचं बोलणं तोडलं नव्हतं. मग ग्लोके आलं. पुन्हा ग्लोके. मग हागेल आलं, आणि आबांचा जप क्षणभर अडखळला. फहीमने ओठ चावला. या जागी हसलो तर दोस्ताचा जन्म वाया जाईल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

अर्ध्या तासाने मागून जीपचा आवाज आला. महाराजांना उतरवून मच्छिंद्र घाईघाईने तोंडावर पाणी मारून मंडपात शिरला. समोरचा प्रकार बघून तो जागीच थबकला. फहीमने डोळ्यांनीच त्याला खूण केली, ये, घे. मच्छिंद्रने पुढे होऊन वीणेसाठी हात केले.

अंगदने मान हलवली. नाही.

फहीमला ते खरं वाटेना. सुटका समोर उभी होती. अंगद तिला थांब म्हणत होता. मच्छिंद्र हात जोडून बाजूला उभा राहिला. अंगदने आपलं वाक्य पूर्ण केलं, मग त्यापुढचं, मग त्याहून लांब एक. म्हातारे प्रोफेसर आता काही लिहीत नव्हते. हनुवटीखाली हात धरून ऐकत होते. शेवटी त्यांनी अगदी छोटा प्रश्न विचारला. अंगदने मच्छिंद्रकडे पाहिलं, हसला, आणि दोनच शब्दांत उत्तर दिलं. प्रोफेसरही हसले.

मॅडम म्हणाल्या, कळवतो. पडदा काळा झाला.

मच्छिंद्रने अंगदच्या पायाला हात लावला, अंगदने त्याच्या. वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेली. मग अंगद मंडपाच्या खांबाला धरून हळूच खाली बसला. 

"काय बोलला तू?" फहीमने विचारलं. त्याचे दंड भरून आले होते.

"म्हाताऱ्यानं इचारलं, हे खाली का ठेवत न्हाई. ते सांगितलं. मंग तो म्हनला, म्हंजे तुमच्या घंटावाल्यासारखं? मी म्हनलो, हो. मी प्रबंधात चुकीचं लिहिलंय."

"हे सांगितलं तू? परीक्षकाला?"

"हो. अंधश्रद्धा लिहिलंय, ते चूक हाये म्हनलो. त्याचा घंटेवर इश्वास होता का नव्हता, हे गोष्टीत कुठंच न्हाई. पुढचा आला न्हाई, म्हनून त्यानं सोडलं न्हाई. एवढंच हाये. मला ते आज इथं उभं ऱ्हाऊन कळलं."

"आन् शेवटी काय इचारलं?"

"पुढचा आला, मंग का देत न्हाई?"

"तू काय म्हनला?"

"अजून बोलतोय."

 पाटी नेहमीसारखी फहीमकडे सरकली होती, पण आयुष्यात पहिल्यांदा त्याला ती वाचता येत नव्हती.

*

पंगतीत शेवटच्या ओळीत तिघं बसले. मधे आबा. अंगदची आई सगुणाबाई बादली घेऊन वाढत होती. तिला अजून काही माहीत नव्हतं. "काय रं, तोंड का उतरलंय?" तिने अंगदला विचारलं आणि पत्रावळीवर बुंदी टाकून पुढे गेली. अंगदने बुंदीला हात लावला नाही. फहीमने फोन आबांच्या पुढ्यात पालथा ठेवला होता. आबाही जेवत नव्हते. तिघं फोनकडे बघत बसले होते. समोरच्या ओळीतल्या एकाने विचारलं, कुणाची बातमी यायचीय का, काही वाईट? आबा म्हणाले, "पातेल्याची."

फोन वाजला. अंगदचे हात खरकटे नव्हते, तरी त्याने फहीमकडे बघितलं. फहीमने उचलला आणि आवाज मोठा केला.

"अंगद?" मॅडमचा स्वर नेहमीसारखाच कोरडा. "घंटावाला हिस्सा दुबारा लिखना पडेगा. पूरा चॅप्टर."

अंगदने डोळे मिटले.

"लिखके महिने के अंदर भेज दो. पास हो. प्रोफेसर साहब ने बोला है, उनको वो चॅप्टर खुद पढना है." मॅडम जरा थांबल्या. "और अगली बार टेबल-कुर्सी पे बैठना, बेटा. मेरी जान निकल गयी थी."

फोन बंद झाला. फहीमला वाटलं, आपण ओरडू. पण ओरडले आबा. त्यांचा थरथरता हात अंगदच्या पाठीवर पडला आणि तिथेच थरथरत राहिला. सगुणाबाई बादली घेऊन पळत आली.

"काय झालं? काय झालं हो मामंजी?"

"पास झालं तुझं पोरगं."

"आता? मंग डिसेंबरात काय झाल्तं?"

 फहीमने पत्रावळीत तोंड घातलं. तेव्हा अंगदच बोलला. आईला त्याने सगळं सांगितलं. तिघे परीक्षक, पाण्याचा ग्लास, निकालाची थाप, निळा पडदा, चष्मा लावलेला फहीम, महाराजांची लेट गाडी. सगुणाबाईने आधी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मग तिथेच पंगतीच्या मधे उकिडवी बसून ती ऐकत राहिली. लोक भातासाठी हाका मारत होते.

सांगून झाल्यावर अंगद थांबेल, असं फहीमला वाटलं होतं. अंगद थांबला नाही. तो आता घंटावाल्याच्या बायकोवर आला होता. बोलता बोलता बुंदी खात होता, खाता खाता हातवारे करत होता. ती शेतात एकटी पेंढ्या उचलते त्याबद्दल कुणीच काही लिहिलेलं नाही, आता आपण लिहिणार, म्हणत होता. समोरच्या ओळीतली माणसं जेवायची थांबून त्याच्याकडे बघत होती.

आबांनी पाण्याचा तांब्या उचलला, डाव्या हाताने.

"फहीम," ते म्हणाले, "याला तू बोलाया लावलं. आता गप कोन करनार?"

फहीमने मान हलवली. त्याला तर अजून कितीतरी वेळ ऐकायचं होतं.